नूपुरची लाल बॅटरी

१४ सप्टेंबर
आकाश: पूर्ण ढगाळ. दमटपणाबद्दल तर बोलायलाच नको.

आलो बाई एकदाच्या! टेम्पोवाल्यांनी सगळं सामान आपटत आणलं, पण दुर्बिणीची पेटी मी मांडीवरून सोडली नाही. बागबाजारची ही गल्ली इतकी अरुंद आहे की समोरच्यांच्या फोडणीने आम्हाला शिंका येतात. पण तिसरा मजला आमचा आणि वरची अख्खी गच्चीही आमची. माझी पुण्याहून बदली करताना बँक इथे बालीगंजला छान फ्लॅट देत होती, तो मी नाकारला, कारण तिथल्या गच्चीला कुलूप. ऑफिसातल्या श्रीकांतने मला वेड्यात काढलं. काढू दे.

घरमालकीण मंदाकिनीकाकू खाली दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. सत्तरी कधीच ओलांडली आहे. त्यांचे आजोबा नोकरीसाठी इकडे आले आणि घराणं इथलंच झालं. त्यांचं मराठी मधेच अडतं, मग बंगालीचा हात धरून पुढे सरकतं. माझ्या लेकीला, म्हणजे नूपुरला, त्यांनी संदेश नावाची इथली मिठाई देऊन खिशात घातलं. सात वर्षांची झाली तरी खाण्यापुढे मानापमान काही नाही तिला.

रोजनिशी अजिंक्यच्या पद्धतीने लिहायची ठरवली आहे. आधी आकाश, मग बाकीचं जग. तो जाऊन दोन वर्षं झाली. ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेला माझा नवरा, कुणाला त्रास दिला नाही. मागे ठेवलं काय, तर दुर्बीण, एक लाल बॅटरी आणि हेलिक्सचा अर्धा फोटो. हेलिक्स म्हणजे दक्षिणेला दिसणारा तेजोमेघ. एक तारा मरता मरता आपले थर बाहेर फेकतो, त्यांचं ते कडं. इतकं अंधुक की ढीगभर फ्रेम घेऊन एकावर एक रचाव्या, तेव्हा कुठे आकार धरतं. निम्म्या फ्रेम त्याने भोरजवळच्या माळावर काढल्या. उरलेल्या मी काढणार, या शहराच्या उजेडात. तो असता तर पोट धरून हसला असता.

२१ सप्टेंबर
आकाश: ढग, मधे मधे फटी.

सर्वपित्री. इथे तिला महालया म्हणतात, पहाटेपासून गल्लीभर रेडिओ चालू होते. आजवर पुण्याला दीर करतात तेवढं पुरे असं मी मानत होते. यंदा काय वाटलं कोण जाणे, सकाळी खीर, वडे, भाजी करून गच्चीवर अजिंक्यसाठी पान वाढलं. म्हटलं, आम्ही आता इथे आहोत, पत्ता बदललाय, इकडे ये.

नूपुरने पानाशेजारी लाल बॅटरी लावून ठेवली. ते तिचं काम. माळावर तो नेत्रिकेत डोळा घालून वाकलेला असायचा आणि ही चिमुरडी शेजारी बॅटरी धरून उभी. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत, म्हणून आमच्याकडे रात्रीचा दुसरा दिवाच नसायचा. 

काकू जिन्यातून बघत होत्या. म्हणाल्या, बोलावलंस ते चांगलं केलंस, पण परत पाठवायचंही लक्षात ठेव. मी हो हो म्हटलं. मोठ्यांना हो म्हणायला काय जातं.

१४ ऑक्टोबर
आकाश: स्वच्छ! पारदर्शकता बरी, हवा स्थिर, चंद्र उशिरा. दव भयंकर.

पूजा संपल्या, पाऊस सरला आणि आज महिन्याभरात पहिल्यांदा तारे दिसले. मोजून वीस असतील, पण दिसले. संध्याकाळपासून हेलिक्सच्या फ्रेम घेतल्या. एकेक फ्रेम पाहिली तर नुसता नारिंगी चिखल. शहराचा उजेड हवेतल्या ओलाव्यावर आणि धुळीवर पसरतो, त्यात तेजोमेघ बुडून जातो. फिल्टर बराचसा उजेड अडवतो, बाकी काम चिकाटीचं. भिंगावर दव धरू नये म्हणून गुंडाळायची गरम पट्टी चालेना, तर मी नूपुरचं केस वाळवायचं यंत्र लावलं. अजिंक्यने पाहिलं असतं तर मला गच्चीवरून ढकलून दिलं असतं.

रचून पाहिल्या. मध्यभागी फिकट कडं. नूपुर म्हणाली, मेदूवडा. मी रडले थोडी, मग दोघींनी मॅगी खाल्ली.

१८ ऑक्टोबर
आकाश: छान. उत्तरेचा वारा.

काकूंशी पहिला खटका. सकाळी त्यांनी माणूस बोलावून गच्चीच्या दक्षिण कठड्याला उंच बांबू बांधला. टोकाला कप्पी, दोरी आणि काचांचा पत्र्याचा डबा. त्यात रोज तिन्हीसांजेला तेलाचा दिवा ठेवून वर चढवायचा, महिनाभर, कार्तिक संक्रांतीपर्यंत. आकाशप्रदीप म्हणतात. तो नेमका हेलिक्सच्या आड! फ्रेमभर पिवळा उजेड सांडणार. माझे चांगल्या आकाशाचे दिवस असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मी गोड बोलून सांगितलं की बांबू काढू या, दिवाळीचा आकाशकंदील मी खाली नूपुरच्या खिडकीत लावते. काकू म्हणाल्या की हा दिवाळीचा नव्हे. महालयाला आलेले लोक या दिव्यांच्या उजेडात परत जातात, त्यांच्यासाठी आहे. मी म्हटलं, आमच्याकडे सर्वपित्री झाली की पितर गेले, त्यांना वेगळं पोचवायला लागत नाही.  काकूंनी माणसाला हाक मारून बांबू सोडवला आणि भिंतीशी आडवा ठेवला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी आकाश असं काही उघडलं की विसरूनही गेले.

पुण्याहून आणलेला कागदी कंदील नूपुरच्या खिडकीत लावला. काय दिसतोय! साऱ्या गल्लीत एकच.

२१ ऑक्टोबर
आकाश: शून्य. काल कालीपूजा. फटाक्यांचा धूर खाली बसलाय, हलत नाही.

लक्ष्मीपूजन केलं. शहाण्या माणसाने अशा आकाशात यंत्र बाहेर काढू नये, पण मी काढलं. हेलिक्स सोडाच, एक तारा सापडेना. धुराने शहराचा उजेड पसरून आकाश दुधाळ झालं होतं. दुर्बीण खाली झुकवून काही फ्रेम घेतल्या, फोकस तपासायला.

त्यांत कठड्याशी, बांबू होता तिथे, एक काळं काहीतरी आहे. उजळ धुरक्यापुढे जे उभं असेल ते काळंच दिसणार, यात नवल नाही. पाण्याची टाकी असेल. सकाळी पाहिलं, त्या बाजूला टाकी नाही.

२४ ऑक्टोबर
आकाश: धुरकं. चंद्र नाही, तारेही नाहीत.

आज गच्चीवर खडूच्या तीन फुल्या दिसल्या. दुर्बिणीच्या तिपाईचे पाय रोज नेमके तिथेच यावेत म्हणून अजिंक्य माळावरच्या खडकावर काढायचा तशाच, एका फुलीला शेपटी. नूपुरला विचारलं. तिने नाही म्हटलं आणि ती खोटं बोलत नाही. तिपाई फुल्यांवर ठेवली. फोकस मी न फिरवताच अचूक होता, सुईच्या टोकासारखा.

आजच्या फ्रेममध्ये तो कठड्याशी नाही. अलीकडे आलाय. उंच आहे, मानेत जरा वाकलेला. बारा वर्षं मी तो वाक बघितला, दुर्बिणीवर वाकून वाकून आलेला. मला दुसरं कुणी सांगायला नको.

भीती वाटायला हवी ना? मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि त्याला ऑफिसातलं सगळं सांगितलं.

२८ ऑक्टोबर
आकाश: पाऊस, ढग. मग धुकं.

आता मला स्वच्छ आकाश नकोच आहे. स्वच्छ आकाशात मागे काळोख असतो, काळोखापुढे तो दिसत नाही. जितकं वाईट आकाश तितका तो ठळक. जगातली मी पहिली बाई असेन जी दुर्बीण लावून धुरक्याची वाट बघते.

काकू आज वर आल्या. बांबू परत बांधू का, विचारायला. त्यांच्या मते घरात पावलं वाढली आहेत. मी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं. म्हणाल्या, "कालिंदी, तू एकट्याला बोलावलंस. पण दिवा काढलास तो सगळ्यांचा." 

मी दार लावून घेतलं.

३१ ऑक्टोबर
आकाश: दाट धुरकं.

सात जण आहेत. नाही, जास्त. कठड्याच्या कडेने ओळीने. एका बाईच्या डोक्यावर पदर. कुणीही दुर्बिणीकडे बघत नाही. सगळे वाकून खाली बघतायत, तिथे आमच्या नूपुरची खिडकी आहे. कंदील.

धावत खाली गेले. नूपुर जागी, खिडकीशी. म्हणाली, बाबा म्हणतो ते लोक चांगले आहेत, फक्त त्यांना रस्ता दिसत नाही. कंदील ओढून फाडला, तिच्यादेखत पायाखाली तुडवला. ती रडली नाही.

१ नोव्हेंबर
आकाश: तेच.

रजा टाकली. बांबू परत बांधून घेतला. काकूंनी मला धरून बसवलं आणि चहा दिला. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. किती मूर्ख बाई मी! दिव्याला नको म्हणाले, तेही एका फोटोसाठी. आणि मग त्याला थोडं राहू दे म्हणून, हे तर त्याहून वाईट.

तिन्हीसांजेला काकूंनी दिवा चढवला. शिडीवर उभी राहून पाहिलं. बांबूच्या टोकाला नुसता पिवळट डाग. शेजारच्या गच्चीवरून तोही दिसला नसता. रोज रात्री हेच तर मोजते मी, हवा किती उजेड खाते ते. या हवेने सगळाच खाल्लाय.

४ नोव्हेंबर
आकाश: चांदणं आणि धुरकं. दृश्यता पार वाईट.

नूपुरला ताप. डॉक्टर म्हणतात हवा बदललीय. तापात एकच विचारते, लाल बॅटरी कुठे ठेवलीस. सेल काढून कपाटात ठेवली आहे. बाबाला लागणार आहे म्हणाली. मी विचारलं, कशाला. म्हणाली, "जायला. पुढे कुणीतरी धरायला हवी ना."

६ नोव्हेंबर
नूपुरला घेऊन बालीगंजला बँकेच्या पाहुणेघरात आले. सातवा मजला, खिडकीला जाळी. इथून हवामानाचे अंदाज बघत बसले आहे. उत्तरेचा वारा नाही. पाऊस नाही. धुरकं, धुरकं, धुरकं.

७ नोव्हेंबर
ती खिडकीशी उभी होती. जाळी उघडलेली. मुठीत काही नव्हतं, पण मूठ तशीच धरलेली, बॅटरी धरतात तशी. पाठमोरी बोलत होती, हळू, सावकाश चाल म्हणत होती.

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, पळून उपयोग नाही. जिथे उतरले तिथूनच ते जातात. आणि संक्रांतीला दिवा उतरला की वर्षभर रस्ता बंद. मग पुढचं वर्षभर ते इथेच राहतील, कुणाचा तरी हात धरून.

परत आलो.

११ नोव्हेंबर
आकाश: वारा सुटला! दुपारी उत्तरेचा. रात्री तारे, तारे, तारे.

दिवा चढवला. गल्लीच्या तोंडापासून दिसत होता, मी स्वतः पळत जाऊन बघून आले. काकू हात जोडून उभ्या होत्या. रात्रभर दार लावून घरात बसलो तिघी. पहाटे पुन्हा धुरकं उतरलं, तेव्हा धीर करून फ्रेम घेतली.

कठडा रिकामा. बाई गेली, सगळे गेले. एवढंच हवं होतं देवा.

एवढंच नाही. तो आहे. फुल्यांच्या मधे उभा आहे.

१३ नोव्हेंबर
धुरकं.

तो का नाही गेला? विचार करून डोकं फुटायची वेळ आलीय. दिवा तर दिसत होता. पण तो दिवा त्याचा नाही ना. आमच्या घरात असला दिवा कधी नव्हताच. त्याला अंधारात एकच उजेड ओळखीचा.

आज गच्चीवर उभी राहून मोठ्याने बोलले. अजू, जा रे. मी बोलावलं, चुकले. लेकरू आहे ते. तुझंच आहे. जा ना रे बाबा. 

नंतरच्या फ्रेममध्ये तो जिन्याच्या दाराशी.

१५ नोव्हेंबर
सुचलं! बॅटरीच वर चढवायची. डब्यात तेलाचा दिवा नाही, त्याची लाल बॅटरी. लाल उजेड धुरक्यात कमी विखुरतो, निळ्यापिवळ्यापेक्षा लांब जातो, हे त्यानेच मला शिकवलं होतं. तो बघेल. ओळखेल. वर बघत बघत जाईल.

काकूंना पटलं. नूपुरलाही सांगितलं, तिच्याशिवाय कसं करणार. ती विचारात पडली. मग म्हणाली, "आई, बाबा वर नाही बघत. तो वाकूनच बघतो." मी म्हटलं, बघेल गं. या वेळी बघेल.

१६ नोव्हेंबर
अंदाज: उद्या वारा शांत. सकाळ-संध्याकाळ दाट धुरकं.
उद्याच शेवटचा दिवस.
नूपुरचा ताप उतरला. कितीतरी दिवसांनी वरणभात जेवली. माझ्या कुशीत झोपली आहे, केसांना तेलाचा वास येतोय. हिला काही होणार नाही. नाही होऊ देणार.

१७ नोव्हेंबर. कार्तिक संक्रांत
आकाश: नाहीच. समोरचं घर दिसत नाही.

गच्चीवरच बसून लिहितेय, फ्रेम चालू आहेत. लिहीत राहिले की वाट बघणं सोपं जातं.

नूपुर खाली काकूंच्या खोलीत, काकू दाराशी बसल्या आहेत. बॅटरीत नवे सेल घातले, लावून बघितली, डब्यात ठेवली. झाकण मी लावते म्हणाली नूपुर. लाव म्हटलं. तिचा निरोप तो, तिनेच लावायला हवं. मी तोवर काकूंकडून दोरी घेतली. डबा वर आणला, चढवला. डब्याच्या काचा आधीच काजळलेल्या, जिन्यातल्या उजेडात काही कळलं नाही.

पहिली फ्रेम. तो आहे. जिन्याच्या दाराशी, पाठ माझ्याकडे.
वर लाल दिसत नाही. धुरकं फार आहे. एवढ्या धुरक्यात लहान बॅटरी दिसायला वेळ लागणार.

दुसरी. लाल नाही. अजू, वर बघ ना.

तिसरी. लाल नाही — तो दाराशी नाही —
हवा इतकी वाईट कशी असेल? बांबू दिसतो, मग लाल का नाही? लाल तर दिसायला हवा सगळ्यात आधी —

डबा उतरवला. खुळखुळतोय.
रंगखडू. तिचे रंगखडू आहेत आत —

खालून काकू हाका मारतायत, माझं नाव — डोळा लागला म्हणतायत, क्षणभर —

फ्रेम आली.
लाल आहे. लाल ठिपका, स्पष्ट. खाली. लहान हाताच्या उंचीवर. मागे तो, वाकलेला —
कठड्याच्या पलीकडे — तिथे गच्ची नाही, तिथे काहीच —

नूपुर, थांब, आई येतेय, मी धरते, मी ध